चाळीस घोडे आणि एक वळण

गेले आठ महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. फाइलचं नाव 'गाडी_फायनल_नवीन_३'. आयटीवाल्यांना या नावातच सगळं कळेल. ज्या फाइलच्या नावात फायनल असतं ती कधीच फायनल नसते.

शीटमध्ये चार गाड्या. ट्रायम्फ स्पीड ४००, केटीएम ३९० ड्यूक, रॉयल एनफिल्डची गुरिल्ला ४५० आणि त्यांचीच हंटर ३५०. परदेशातले लोक मिडलवेट म्हटलं की सहाशे ते नऊशे सीसी धरतात, आपल्याकडे रॉयल एनफिल्डवाले अडीचशेपासून साडेसातशेपर्यंत सगळ्यांना मिडसाइज म्हणतात. म्हणजे आपला 'मध्यम' जरा खालून सुरू होतो. पगारासारखाच. असो.

कॉलम एकूण सव्वीस. पॉवर, टॉर्क, वजन, सीटची उंची, टाकी... शिवाय मी स्वतः काढलेले काही, उदाहरणार्थ दर शंभर किलोमागे किती घोडे. ड्यूक ४६ पीएस आणि १६८ किलो, म्हणजे सत्तावीसच्या वर. स्पीड ४० पीएस, १७६ किलो, साधारण पावणेतेवीस. गुरिल्ला ४० पीएस, १८५ किलो, साडेएकवीसच्या आसपास. हंटर २० पीएस, १८१ किलो, अकरा. हंटर इथेच बाद व्हायला हवी होती, पण बाद करवत नव्हती. का ते पुढे येईलच.

मग २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने माझी शीटच बिघडवली. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांचा, आधी सेस धरून ३१ होता, तो ४० टक्के. हंटर ३४९ सीसीची. स्पीड ३९८ ची. ४९ सीसीत बावीस टक्क्यांचा फरक! काही कंपन्यांनी सुरुवातीला ती वाढ स्वतःच्या अंगावर घेतली खरी, पण मला परत एक कॉलम वाढवावा लागलाच.

आता खरं सांगतो. शीट हे निमित्त होतं. गाडी घ्यायची हिंमत होत नव्हती म्हणून मी कॉलम वाढवत होतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी पन्हाळ्याच्या रस्त्यावर पडलो. पुण्याहून मित्रांबरोबर आलो होतो. कोल्हापुरात येऊनही घरी कळवलं नव्हतं, कारण आईला मोटरसायकल म्हटलं की रात्रभर झोप येत नाही. गाडी मित्राची. कुठली ते लिहीत नाही, चूक तिची नव्हतीच. गडावरून उतरताना वरच्या टप्प्यात एक उजवं वळण आहे. तिथे डाव्या कडेला पावसाने वाहून आलेली बारीक खडी होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि जिकडे नजर तिकडे गाडी, हा नियम मला पुस्तकातून माहीत असूनही बघतच राहिलो. मग घाबरून, गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक दाबला. पुढचं मला आठवतं ते आकाश.

तुम्ही म्हणाल, एबीएस नव्हतं का? होतं की. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. पण साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. टायरकडे पकड असते ती मोजकी. त्यातली बरीचशी गाडी वळवण्यात खर्च होत असेल तर ब्रेकला उरते थोडी, आणि खाली खडी असली तर मुळात तीच निम्मी. पगार तेवढाच, ईएमआय दोन. नव्या ३९० ड्यूकला गाडी किती कलली आहे ते मोजून ब्रेक सांभाळणारं एबीएस आहे, आणि माझ्या शीटमध्ये त्या एका कॉलमला मी एवढे मार्क दिले होते की ड्यूक जिंकणारच. म्हणजे मी गाडी निवडत नव्हतो, झालेला अपघात पुसत होतो.

कॉलरबोन मोडलं. मित्रांनी कोल्हापुरात एक्सरे काढला, पट्टा बांधला आणि कारने पुण्याला नेलं. घरी सांगितलं, हापिसच्या बाथरूममध्ये पाय घसरला. आईने त्या बाथरूमला फोनवरून भरपूर शिव्या घातल्या.

तर परवाच्या दिवाळीनंतरच्या शनिवारी ठरलं. डॉक्टरची (दातांचा आहे, पण आम्ही डॉक्टरच म्हणतो) २०२३ ची स्पीड, वकिलाची ड्यूक आणि चुलतभावाची हंटर घेऊन पन्हाळा. गुरिल्ला राहिली, ती कुणाकडेच नव्हती. तिची शोरूमवाली टेस्ट राइड मी पुण्यात घेतली होती, पण टेस्ट राइड म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. दहा मिनिटांत काय कळणार? एवढं कळलं की ४० न्यूटन मीटर साडेपाच हजार आरपीएमलाच मिळतात, म्हणजे स्पीडपेक्षा हजारभर आधी, आणि सीट या चौघींत सगळ्यात खाली. छान गाडी. पुढे.

सकाळी निघताना अण्णा बूट घालून दारात उभे. "मी बी येतो."

अण्णा त्रेसष्ट वर्षांचे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आयुष्य गेलं. त्यांच्याकडे येझदी रोडकिंग होती. अडीचशे सीसी, टू स्ट्रोक, दोन सायलेन्सर, आणि किक नि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे पाडायचा, झाला गिअर. तो दांडा पाडताना त्यांच्या चेहऱ्यावर जो रुबाब यायचा तो मी लहानपणी टाकीवर बसून मान वर करून बघितलाय. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. स्पेअर मिळेनात, तेव्हा अण्णांनी गाडी विकली आणि परत मोटरसायकल घेतली नाही.

"दादा, काकांना मी घेतो मागे," चुलतभाऊ म्हणाला. मला हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

शिवाजी पूल ओलांडला आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू. गळीत हंगामात या रस्त्यावर गाडीची परीक्षा ट्रॉलीच घेते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाहेर लोंबणारे ऊस, रस्त्यावर पडलेली कांडी. ड्यूक माझ्याकडे होती. ओव्हरटेकला ती म्हणजे नाद खुळा! मनगट जरा हललं की दोन्ही ट्रॉल्या मागे. पण त्या ट्रॉल्यांच्या मागे पंचविसाने रांगत राहावं लागलं की तिला ते आवडत नाही, सारखी विचारत राहते, जाऊ का, जाऊ का? हुशार ज्युनियरसारखी. त्याला काम नाही दिलं तर तो तुमचं डोकं खातो.

केर्लीच्या पुढे स्पीड घेतली. तिच्या इंजिनात पिस्टनचा व्यास ८९ मिलिमीटर आणि धाव फक्त ६४, म्हणजे खरं तर पळणारं इंजिन. तरीही खालच्या आरपीएमला ती शहाण्यासारखी वागते. या दोन्ही गाड्या आमच्या हिंजवडीपासून फार लांब नाही त्या चाकणलाच बनतात, त्यामुळे उगाच माहेरच्या वाटतात. हंटरचं बरोबर उलटं. ७२ चा व्यास आणि जवळजवळ ८६ ची धाव. लांब टांगांचा म्हातारा, पळणार नाही पण चढावर दमणारही नाही. २७ न्यूटन मीटर चार हजारालाच हजर. वाघबीळला मी आरशात बघितलं तर अण्णा आणि चुलतभाऊ निवांत, तिसऱ्या गिअरमध्ये, गप्पा मारत येत होते. वीस घोड्यांत.

त्या वळणावर (चढताना ते डावं होतं) मी वीसच्या स्पीडने गेलो. मागून एसटीने हॉर्न दिला. वकील वर गेल्यावर म्हणाला, "काय भावा, सायकल चालवत होतास काय?" मी हसलो. तळवे ग्लोव्ह्जच्या आत भिजले होते.

वर तीन दरवाज्यापाशी गर्दी होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांत पन्हाळा गेला, तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सगळे इतिहासकार झालेत. झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाताना अण्णा उठून तिन्ही गाड्यांच्या इंजिनांवर टिचकी मारून आले.

"हे ॲल्युमिनियम डाय कास्टिंग. आपलं बिडाचं काम येगळं." मग हंटरकडे बघून, "ही बरी हाय. आवाज एक एक मोजता येतोय."

"पण अण्णा, तिची पॉवर निम्मीच आहे."

"निम्मी म्हंजे? येझदीला सोळा घोडे हुते. तुझी आई, तू, आणि वर ज्योतिबाचा नारळ-गुलाल. कुठं कमी पडलं?"

याला शीटमध्ये कॉलम नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला. आम्ही दोघं मिळून एकशेचाळीस किलो धरले तर ड्यूक सत्तावीसवरून पंधरावर येते, स्पीड पावणेतेरावर, हंटर सव्वासहावर. अकरा आणि सत्तावीसमधली सोळाची दरी पावणेनऊवर आली. माणूस मागे बसला की गाड्या एकमेकींच्या जवळ येतात. ड्यूकच्या मागच्या सीटवर मात्र अण्णा एकदा बसून लगेच उतरले. "ही माझ्यासाठी न्हाई केलेली," म्हणाले. बरोबरच होतं.

उतरताना ते सरळ माझ्याकडे आले. मी स्पीडवर होतो. "चल. तुझ्या मागं बसतो."

नाही कसं म्हणणार? निघालो. दुसरा गिअर, पाठीवर त्यांचा हात. वळण दिसायला लागलं तसा माझा खांदा आखडला, आणि कानाशी आवाज आला, "कडंला घे जरा."

घेतली. ते उतरले, कठड्यापाशी गेले आणि खडीकडे बघत म्हणाले, "हितंच पडला हुतास न्हवं?"

मला काही बोलता येईना. एक्सरे काढणारा पोरगा आमच्याच गल्लीतला निघाला होता. दोन वर्षं. दोन वर्षं त्यांना माहीत होतं, आणि आई हापिसच्या बाथरूमला शिव्या घालत होती तेव्हा ते शेजारी बसून पेपर वाचत होते.

"आईला..."

"तिला न्हाई सांगितलं. तू सांगशील म्हणून थांबलो हुतो."

मग म्हणाले, "मी बसतो हितं. तू वर जा, वळव, परत ये. खडीकडं बघू नको, पुढं ते झाड हाय बघ, त्याच्याकडं बघ. ब्रेक काय मारायचा तो वळणाच्या आधी."

कुठल्याही रायडिंगच्या व्हिडिओत हेच सांगतात. मी ते शंभरदा बघितलेत. पण कठड्यावर स्वतःचा बाप बसलेला असताना ते वेगळं ऐकू येतं. पहिल्यांदा खडीकडेच बघितलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा झाडाकडे बघितलं आणि गाडी स्वतःहून गेल्यासारखी गेली. दुसरा गिअर, तीस-पस्तीसचा स्पीड, आरपीएम चार हजाराच्या आसपास. चाळीसपैकी निम्मे घोडेही जुंपलेले नसतील. सहा फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत खाली उतरणाऱ्या एका काकांनी थांबून विचारलं, काही हरवलंय का?

सहाव्या फेरीनंतर अण्णा मागे बसले. घरापर्यंत बोलले नाहीत.

आता गाडीचं. ड्यूकचं ते हुशार एबीएस आजही मला सगळ्यात चांगलं वाटतं, आणि एकटा फिरणाऱ्याने, ज्याला हात साफ आहे त्याने, तीच घ्यावी. हंटर अण्णांची आवडती, आणि करही कमी. पण पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. ट्रकच्या शेजारून निघताना वीस घोड्यांत जीव टांगणीला लागतो, हे मी चुलतभावाची गाडी एकदा साताऱ्यापर्यंत नेली तेव्हा अनुभवलंय. गुरिल्लाला ११ लिटरची टाकी, एवढ्यासाठी मी नाही म्हणतोय हे कुणाला पटणार नाही, न पटो.

डॉक्टरच्या घरी मार्चमध्ये बाळ येतंय. त्याला कार घ्यायचीय. त्याची स्पीड नऊ हजार किलोमीटर चाललेली, एकदाही न पडलेली. वापरलेली गाडी मित्राकडून घेतली की चाळीस टक्क्यांचा प्रश्नच मिटतो. रविवारी रात्री त्याच्याकडे बसून फॉर्म २९ आणि ३० भरले. नंबर एमएच-०९ च राहणार, याचाही मला जरा जास्तच आनंद झालाय.

घरी येऊन आईला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. आधी गाडीचं सांगू की बाथरूमचं, ठरेना. अण्णा बाहेरून ओरडले, "आधी बाथरूमचं!"

आईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळून बघितलं.