डाव्या कोपऱ्यात कोण?

प्रो कबड्डीच्या पुढील पर्वात बाद फेरी कोणते संघ गाठतील, हा प्रश्न आमच्या तुकडीत २०१४ सालापासून चालत आलेला आहे. त्या वर्षी २६ जुलैला ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आम्ही आठवीत होतो. ज्या खेळाला घरी आजोबा हुतूतू म्हणत आणि आम्ही गल्लीच्या धुळीत खेळत असू, तो खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आणि समालोचनासह भोजनगृहातील दूरचित्रवाणीवर दिसू लागला, ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. लवकरच एका वहीत ज्याने त्याने आपापल्या संघांची नावे लिहून ठेवण्याची प्रथा पडली. ज्याची नावे सर्वांत कमी जुळतील त्याने महिनाभर मैदानावर फक्की मारायची, एवढाच पण असे. पैशाचा संबंध कधीच आला नाही. पुढे मोबाइलवर पैसे लावून संघ निवडण्याचे जे पेव फुटले आणि २०२५ साली संसदेला ज्यावर कायदा करावा लागला, त्याच्याशी आमच्या वहीचे नाते नाही, हे पालकांसाठी येथेच नोंदवतो.

भाकीत करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गेल्या वर्षीचा गुणतक्ता उतरवून काढणे. त्याने काम किती होते ते पाहण्यासारखे आहे. नवव्या पर्वातील पहिल्या सहांपैकी जयपूर, पुणे आणि दिल्ली हे तीनच संघ दहाव्या पर्वात पुन्हा बाद फेरीत आले. दहाव्यातून अकराव्यात चार टिकले. आणि जे दोन गळाले, त्यांत खुद्द विजेती पुणेरी पलटण होती! हरियाणाला २८–२५ असे नमवून करंडक उचललेला संघ पुढच्याच वर्षी आठवा आला. उलट बंगळूर बुल्स अकराव्या पर्वात अगदी तळाला होते, ते बाराव्यात तिसरे. तेलुगू टायटन्स तर सलग तीन पर्वे तळाशी राहून अखेर वर आले. म्हणजे गुणतक्ता पाहून भविष्य सांगणे हे मागच्या वर्षीचे पंचांग पाहून पेरणी करण्यासारखेच होय.

चढाईपटूंच्या नावांवर भिस्त ठेवण्याचा दुसरा मार्ग विद्यार्थ्यांना विशेष प्रिय असतो. परदीप नरवालने पाचव्या पर्वात चढाईचे ३६९ गुण घेतले आणि पाटण्याने करंडक जिंकला, हे खरे. परंतु तोच परदीप अकराव्या पर्वात बंगळूरकडे होता. ते कुठे राहिले ते वर आलेच आहे. चढाई एकट्याची असते, तिच्यावर टाळ्या पडतात, म्हणून ती लक्षात राहते. पकड ही साखळीची असते. डावा कोपरा घोटा धरतो, शेजारचा मध्यरक्षक झेप घेतो, उजवी बाजू वळून परतीची वाट अडवते. यातला एक गडी बदलला की उरलेल्यांचे पाऊल अर्धा क्षण मागे पडते.

हे आम्हांस कोणा तज्ज्ञाने सांगितलेले नाही. ते दहावीत असताना कळले.

यू मुंबा पहिल्या तिन्ही पर्वांत अंतिम सामन्यात होता. अनूप कुमारचा तो संघ आमच्या वहीत प्रत्येकाच्या यादीत पहिला असे. चौथ्या पर्वापूर्वी, २०१६ साली, त्याचा डावा कोपरा सुरेंदर नाडा आणि त्याचा जोडीदार मोहित छिल्लर दोघेही बंगळूरकडे गेले. अनूप होता, चढाया होत्या. पण जुलैअखेर मुंबा पाचवा येऊन बाहेर पडला. त्या वेळी आठ संघांतून चारच पुढे जात.

त्याच जून महिन्यात आमच्या शाळेच्या संघाचाही डावा कोपरा परत आला नव्हता. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला आमचा तो मित्र नववीच्या दिवाळीच्या सुटीत आईवडिलांबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेला. आरंभी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी, पुढे कोयता हाती घेऊन. शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवस हजेरीपटावर त्याचे नाव पुकारले जात होते. वर्गशिक्षक नाव घेऊन क्षणभर थांबत आणि पुढे जात. एके दिवशी ते नाव घेतलेच गेले नाही. पावसाळ्यातल्या शालेय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात समोरच्या चढाईपटूने आमची डावी बाजू हेरली आणि पुनःपुन्हा तेथेच बोनसची रेषा गाठली. मध्यंतरापूर्वीच आमच्यावर लोण पडला. प्रतिस्पर्धी आमच्याहून फार बलवान होते असे नाही. त्यांचे सातही जण आदल्या वर्षीचेच होते.

तो मित्र आजही दर हंगामी ऊसतोडीला जातो आणि आजही भाकिताची यादी पाठवतो. पडावावर रात्री मोबाइलला जेवढे जाळे मिळेल तेवढ्यात सामना पाहतो. आमच्यात त्याची यादी सर्वांत कमी चुकते. आम्ही लिलावातील कोटींचे आकडे सांगू लागलो की तो अहिराणीत एवढेच विचारतो, ‘कोपराम्हा कोन शे?’

मोहम्मदरेझा शादलुईचे उदाहरण घ्यावे. हा इराणी डावा कोपरा दहाव्या पर्वात २ कोटी ३५ लाखांना पुण्याकडे आला आणि पुणे जिंकले. अकराव्यात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकले. बाराव्यासाठी गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले, तेव्हा करंडक शादलुईच्या मागोमाग चालतो अशी भाषा सर्वत्र सुरू झाली. आमच्या मित्राने गुजरातचे नाव लिहिले नाही. हरियाणात शादलुई आला तेव्हा जयदीप आणि राहुल सेठपाल आधीपासून तेथे उभे होते. तो तयार भिंतीत बसलेला दगड होता, असे त्याचे म्हणणे. गुजरात पहिल्या आठांतही आले नाही. तळाच्या बंगळूरचे नाव मात्र त्याने लिहिले होते, कारण पुण्याला जिंकवणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश तेथे गेले होते.

बाराव्या पर्वात नियमही बदलले. पूर्वी विजयाला पाच गुण आणि सातपर्यंतच्या फरकाने हरल्यास एक गुण मिळे. झुंजून हरणारे संघ त्या एकेका गुणावर वर सरकत. आता विजयाचे दोन, पराभवाचे शून्य. शिवाय बारांतून आठ संघ पुढे जातात. त्यामुळे येणारे आठ सांगण्यात फारसे कौशल्य उरलेले नाही. न येणारे चार सांगावे लागतात. आम्हांस ही रीत मनापासून आवडलेली नाही. वसतिगृहात वाढलेल्या मुलांना न येणाऱ्यांची यादी आधी करणे जड जाते. दिवाळीच्या सुटीला पेट्या बाहेर निघाल्या की आमचे शिक्षक मनातल्या मनात ती यादी करीत असत, हे आता कळते. गावात हंगामी वसतिगृह सुरू असेल, किंवा मूल ठेवायला आजी धडधाकट असेल, तर त्या यादीतले एखादे नाव कमी होई. गेल्या दोन वर्षांपासून आमच्या तुकडीतील काहीजण सुटीपूर्वी शाळेत येऊन कबड्डीच्या मुलांच्या पालकांना भेटतात, ते याच कारणासाठी. यंदाचा डावा कोपरा नववीत आहे आणि त्याचे घरही स्थलांतर करणाऱ्यांपैकीच आहे.

हे लिहिताना पुढील पर्वाचा लिलाव व्हायचा आहे. तरी वहीच्या रिवाजाप्रमाणे नावे देणे भाग आहे. पुणेरी पलटण आमच्या यादीत प्रथम. टाकळीभानच्या अस्लम इनामदारला दुखापत झाली तेव्हा ती आठवी आली, तो परतल्यावर साखळीत अव्वल ठरली आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून ३१–२८ अशी हरली. तरुण मुलांना राखून घडवण्याची तिची पद्धत आम्हांस पटते. विजेती दबंग दिल्ली, हरियाणा आणि रमेश तेथे राहणार असतील तर बंगळूर. यू मुंबा जुन्या प्रेमापोटी. तेलुगू, पाटणा आणि जयपूर यांच्यापुढे आमच्यातील बहुतेकांनी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. पडावावरून आलेल्या यादीत जयपूर नाही, त्या जागी यूपी योद्धा आहे. कारण विचारण्यासाठी फोन केला, तेव्हा ट्रक भरण्याची वेळ झाली होती.