रॅटक्लिफ : कोळशानंतरची जागा

१८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर सुरू झालेली ब्रिटनमधील कोळशाच्या विजेची परंपरा ३० सप्टेंबर २०२४ रोजी नॉटिंगहॅमशायरमधील रॅटक्लिफ-ऑन-सोअर येथे संपली.

ट्रेंट आणि सोअर नद्यांच्या संगमाजवळ १९६०च्या दशकात हे २,००० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. नदीचे पाणी, रेल्वे आणि परगण्यातील कोळसा, तिन्ही हाताशी होते.

थोर्सबी ही परगण्यातील अखेरची खाण २०१५ मध्ये बंद पडली. पाणी, रेल्वे आणि राष्ट्रीय वीजजाळ्याची जोडणी मात्र राहिली. त्याच बळावर रशक्लिफ बरो कौन्सिलने २०२३ मध्ये येथे आधुनिक कारखाने व हरित ऊर्जा प्रकल्पांचा मार्ग मोकळा केला.

अर्धशतकाहून अधिक काळ बॉयलर सांभाळणाऱ्या गावांना त्यात किती काम मिळते, यावरच या पुनर्विकासाचे मोल ठरेल.