बारा महिन्यांची तबकडी

खराडीतल्या आमच्या गच्चीवरून आता आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींखेरीज काही दिसत नाही. इथे शेते होती, हे नातवंडांना सांगावे लागते. म्हणूनच की काय, प्रागच्या जुन्या चौकातले खगोल-घड्याळ मला विसरवत नाही.

घड्याळ १४१० सालचे. सूर्य, चंद्र, राशी सारे त्यात फिरते. तास भरला की सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य डोकावतात, आणि माना वर करून उभी असलेली मंडळी पांगतात. खालच्या तबकडीकडे कोणी ढुंकून पाहील तर शपथ! योसेफ मानेस या चित्रकाराने ती १८६५-६६ साली रंगविली. आकाशाच्या त्या थाटाखाली त्याने मांडले शेतकऱ्याचे वर्ष. मार्चात नांगरणी, ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी. डिसेंबरात डुक्कर मारतात, तिथे सौभाग्यवतींनी तोंड फिरविले. तबकडी रोज एक दिवस सरकते. मूळ चित्र संग्रहालयात आहे, भिंतीवर नक्कल.

मार्चच्या नांगऱ्यापाशी मी रेंगाळलो. आमचे दूधवाले मामा आठवले. त्यांच्या वावरात आज मोटारी उभ्या असतात. पण मृग कधी लागतो, हे ते अजून पंचांग न उघडता सांगतात.