ऐकू न येणारी युनिटे

वीजबिलाची मराठी कोणी घडवली असेल, याचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, गुणक अवयव... हे शब्द लक्षावधी घरांत दर महिन्याला वाचले जातात, आणि भाषेच्या वर्गात मात्र त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्यातला 'गुणक अवयव' मला विशेष आवडतो. घरगुती ग्राहकाच्या बिलावर तो बहुधा १ असतो. त्याने गुणून काहीही बदलत नाही, तरी तो छापलेला असतो. या संहितेचे दुसरे वैशिष्ट्य असे, की तिच्यात क्रिया आहे, परिमाण आहे, मोबदला आहे; फक्त कर्ता नाही. 'एकूण वीज वापर १४२ युनिट' एवढेच ती सांगते. कोणी वापरली, केव्हा, कशासाठी, याबद्दल मौन. आणि संहिता जिथे मौन बाळगते तिथे वाचक आपल्या पदरचा अर्थ भरतो, हे या पानावर येणाऱ्या वाचकांना मी सांगायला नको.

घरोघरी हा गाळलेला कर्ता कसा भरला जातो ते पाहण्यासारखे आहे. माझ्या पाहण्यात तरी तो नेहमी ऐकू येणाऱ्या वस्तूंतून निवडला जातो. फ्रिज कोपऱ्यात चोवीस तास उभा असतो, त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. पंखा तर घराच्या छताचाच भाग झालेला असतो. पण गाणे लागले, की ते घरभर पोचते, आणि बिल आले की तेच आधी आठवते. 'दिवसभर वाजत असतं, मग येणार नाही तर काय!'

आमच्या घरी हा आरोप करणारे आणि त्याची शिक्षा भोगणारे एकच गृहस्थ होते: माझे वडील. २००२ साली मी वसईच्या घरी एक म्युझिक सिस्टीम आणली. तीन सीडींची फिरती तबकडी, कॅसेटचे दोन कप्पे, दोन जड स्पीकर आणि दर्शनी भागावर निळसर आकड्यांचे घड्याळ. वडील आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. माणिकपूर ते चर्चगेट या प्रवासात त्यांची तेहतीस वर्षे गेली होती. सकाळी बातम्यांच्या आधी घर सोडायचे आणि रात्री जेवणापुरते परतायचे. माणिक वर्मा, कुमार गंधर्व, भीमसेनांची अभंगवाणी अशा कॅसेट त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या होत्या, आणि ऐकायचे ते निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवले होते.

सिस्टीमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '१२०० वॅट पीएमपीओ' असे छापले होते. वडिलांनी खोके चहूबाजूंनी वाचले. पोस्टकार्डापासून पुठ्ठ्यापर्यंत छापील काहीही वाचल्याशिवाय ते हातावेगळे करीत नसत. मग म्हणाले, "आपली इस्त्री साडेसातशे वॅटची. म्हणजे गाणं ऐकायचं तर दीड इस्त्री चालू ठेवायची."

पीएमपीओ म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर काही वर्षे हा आकडा दुकानांच्या काचांवर, जाहिरातींत, खोक्यांवर सर्वत्र मिरवत होता. त्याला सर्वमान्य व्याख्या नव्हती. एखाद्या क्षणापुरती कल्पिलेली कमाल शक्ती, सगळ्या स्पीकरांची बेरीज, त्यावर उत्पादकाची हौस, अशा घटकांतून तो तयार होई. हजार वॅट पीएमपीओच्या डब्यातून सलगपणे दहा-वीस वॅट निघाले तरी पुष्कळ. त्याच सिस्टीमच्या पाठीवर, वायर जिथून बाहेर येते तिथे, बारीक अक्षरांत विजेचा खरा वापर दिलेला होता: ६० वॅट. साठ वॅट आत घेऊन बाराशे वॅट बाहेर टाकणारे यंत्र निघाले असते, तर तारापूरची गरजच उरली नसती. मी वडिलांना ती पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारले, "पुढे एवढं मोठं छापलंय ते खोटं, आणि मागे एवढं बारीक छापलंय ते खरं?"

प्रश्न निरुत्तर करणारा होता. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर आणि आतले पुस्तक यांच्यातले अंतर ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही तो सहज सुटणारा नाही. छापील शब्दावरचा विश्वास ही त्या पिढीची पुंजी होती. सरकारी नोकरीत, बँकेत, पंचांगात ती उपयोगी पडली होती. बाजाराने तिचा असा फायदा घेतला, की ज्या आकड्याने गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून तो छापला, त्याच आकड्याने एक गिऱ्हाईक गाण्यापासून दूर राहिले. वडिलांनी रविवारी सकाळचा एक तास स्वतःला मंजूर केला. बाकीचे सहा दिवस सिस्टीम गप्प असे.

गप्प असे, पण बंद नसे. ही गोष्ट महत्त्वाची आहे. भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ शून्यावर येई आणि ते पुन्हा लावण्यासाठी तीन बटणे विशिष्ट क्रमाने दाबावी लागत. त्यामुळे बटण कायम चालू. वडिलांच्या दृष्टीने गाणे थांबले म्हणजे वापर थांबला. घड्याळाचे ते काय! भारनियमनाच्या काळात तर या घड्याळाने त्यांना कामालाच लावले. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची मोठी तूट होती आणि मुंबई शहर वगळता बहुतेकांच्या वाट्याला अंधार आला. ज्या भूभागाला २०१४ पासून आपण पालघर जिल्हा म्हणतो, त्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे; ५४० मेगावॅटचे दोन नवे संच तिथे नेमके २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या उपनगरांसाठी वीज निर्माण करते. नायगावच्या बाजूने संध्याकाळी पाहिले की खाडीपलीकडे दिवे दिसत आणि अलीकडे मेणबत्त्या. वीज आली की सिस्टीमचे घड्याळ शून्यावर उघडझाप करू लागे. वडील उठून ते लावत. काही तासांनी पुन्हा तेच. त्या यंत्राशी त्यांचा खरा संबंध एवढाच उरला होता, की ते रोज त्याला वेळ सांगत.

माझ्या आजोबांच्या वेळचा रेडिओ या बाबतीत अधिक सरळ होता. वाल्व्हचा, लाकडी पेटीचा. ठाण्यात ज्यांचा कारखाना होता त्या मर्फीचा. आवाजाचे बटण उजवीकडे फिरवले की 'टक्' असा आवाज होई, पिवळसर दिवा लागे आणि वाल्व्ह तापून पहिला स्वर यायला अर्धा मिनिट जाई. असा रेडिओ साधारण ४० ते ५० वॅट घेतो, म्हणजे आजच्या मानाने खादाडच. पण परत डावीकडे 'टक्' केले की विजेचा संबंध पूर्ण तुटे. रोज तीन तास वाजला तर महिन्याची चार युनिटे, आणि ती चारही युनिटे ऐकण्याच्या खात्यातली. त्या काळी ऐकण्याचा खर्च म्हणून लोकांच्या लक्षात असे तो विजेचा नव्हे, पोस्टात भराव्या लागणाऱ्या परवान्याच्या शुल्काचा.

रिमोट आला आणि 'टक्' गेला. रिमोटच्या हाकेला ओ द्यायची तर यंत्राचा एक कान सतत जागा हवा, आणि त्या कानासाठी आतला ट्रान्सफॉर्मर सतत तापलेला. याला स्टँडबाय म्हणतात. मराठीत मला त्याला 'ताटकळणे' म्हणावेसे वाटते, कारण उभे राहण्याचा शीण त्या शब्दात आहे.

हा शीण किती, ते मी २०१२ साली मोजले. वडील जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. घराला इलेक्ट्रॉनिक मीटर बसलेला होता. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते. आमच्या मीटरवर ३२०० होते. एका रविवारी आई मामाकडे गेली असता मी घरातले सगळे बंद केले, फ्रिजसुद्धा, आणि फक्त गप्प सिस्टीम चालू ठेवून जिन्याखालच्या मीटरपाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो. दोन लुकलुकींत १२५ सेकंद गेले. पुन्हा मोजले, तेवढेच. गणित सोपे आहे: अशा मीटरची एक लुकलुक म्हणजे ११२५ वॅट-सेकंद, म्हणून १२५ सेकंदांना एक म्हणजे ९ वॅट. मग वर जाऊन वडिलांची अभंगवाणीची कॅसेट लावली, नेहमीच्या आवाजात. आता ४५ सेकंद, म्हणजे २५ वॅट. शेवटी शेजाऱ्यांचा विचार न करता आवाज चांगलाच वाढवला. ४० सेकंद, २८ वॅट.

तिसऱ्या मोजणीने मला चकित करायला नको होते, कारण घरातल्या खोलीत सुखाने ऐकण्यापुरत्या आवाजाला स्पीकरकडे एक वॅटही जावा लागत नाही. बाकीचे वॅट यंत्र स्वतःला जागे ठेवण्यात खर्च करते. म्हणून 'आवाज कमी कर, बिल येतं' हे घरोघरचे वाक्य शेजारधर्म म्हणून योग्य आहे, अर्थशास्त्र म्हणून त्याला अर्थ नाही.

रोज दोन तास ऐकणे धरले तर २५ वॅटने महिन्याची दीड युनिटे होतात. उरलेले बावीस तास ताटकळण्याची, ९ वॅटने, जवळजवळ सहा. वसई-विरारच्या घरांत हे प्रमाण आणखी वाकडे होते, कारण विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, जायला दीड-पावणेदोन तास आणि यायला तेवढेच. घरात ऐकायला माणूसच नसते. आणि ही सहा युनिटे पायऱ्यांच्या दररचनेत बहुधा वरच्या पायरीवर बसतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना वहन आकारासह सहा रुपयांच्या जरा आत पडत होते, तर एकशे एकाव्या युनिटापासून साडेअकराच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. शंभरी ओलांडणाऱ्या घरात अशी सहा युनिटे महिन्याला ऐंशी रुपयांपर्यंत जातात. घर त्याने बुडत नाही. रोज दहा तास चालणारा जुना पंखा एकटाच महिन्याला बावीस युनिटे घेतो. पण पंख्याच्या युनिटांतून वारा तरी मिळतो.

दुसरा हिशेब मी त्याच संध्याकाळी मांडला आणि तो मला अजून पाठ आहे. सिस्टीम चालूच राहणार होती, घड्याळासाठी. म्हणजे ९ वॅट जाणारच होते. त्यावर गाण्याचा वाढीव खर्च १६ वॅट. वडिलांनी रोज चार तास ऐकले असते, तर महिन्याला दोन युनिटे वाढली असती. त्यांच्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेचे मीटरवाचन आहे. नऊ वर्षांची वही. ९८, १०३, ९६, ९९. शंभराच्या आत राहिलेल्या महिन्यापुढे त्यांनी बरोबरची बारीक खूण केलेली आहे. मे महिन्यांपुढे खुणा नाहीत, कारण तेव्हा पंखे.

जगाच्या हे लक्षात आले नव्हते असे नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ सालीच ताटकळणाऱ्या यंत्रांसाठी एका वॅटची मर्यादा सुचवली होती; युरोपीय संघाने ती २०१० पासून सक्तीची केली आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटवर आणली, आकडे दाखवणाऱ्या यंत्रांना थोडी सूट देऊन. म्हणजे ९ वॅटचे घड्याळ हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नव्हता. चांगला भाग न घालण्यात उत्पादकाचे थोडे पैसे वाचत होते आणि त्या वाचलेल्या पैशांचे बिल आमच्या घरी येत होते. पीएमपीओचा आकडा आता फारसा दिसत नाही. ताटकळणे मात्र संपलेले नाही: भावाच्या घरी बोलणारा स्पीकर आहे, त्याला नावाने हाक मारली की तो गाणे लावतो. तो गप्प असताना दोनेक वॅट घेतो, म्हणजे पूर्वीच्या मानाने गुणीच. पण गप्प असताना तो करतो काय, तर ऐकतो. घरात ऐकण्याचे काम आता यंत्राकडे गेले आहे.

आमची सिस्टीम २०१५ च्या पावसाळ्यात गेली. आईला मी जुन्या गाण्यांनी आधीच भरलेला, बॅटरीवर चालणारा रेडिओसारखा डबा आणून दिला. त्याला घड्याळ नाही. ती तो सकाळी ओट्यापाशी लावते आणि दुपारी झोपताना उशाशी नेते. रोज रिकामा होऊन रोज भरला, तरी महिन्याला अर्धे युनिट होत नाही. हा आकडा मी तिला सांगितलेला नाही. तिने विचारलेलाही नाही. परवा भाऊ म्हणाला, "आई, दिवसभर चालू असतं तुझं हे." तिने त्याला कणीक मळताना ऐकू येत नाही असे खुणेने सांगितले.