ठिपक्यांचं कॉर्डरॉय बेतताना

थंडीचं जाकीट म्हटलं की काळा, करडा नाहीतर तपकिरी, एवढ्यातच आपली धाव संपते. अलीकडे मात्र माझ्याकडे पोलका डॉटचं बारीक धारांचं कॉर्डरॉय बरंच येतं. मऊ, सुती, दिसायला खेळकर. कोट-जाकिटं शिवणं हाच माझा व्यवसाय असल्याने एवढं ठामपणे सांगतो: हे कापड शिवायला सोपं आणि बेतायला अवघड. मशीनवर बसण्याआधीच जाकिटाचं बरंवाईट ठरून गेलेलं असतं.

सुरुवात दुकानातच होते. गडद कापडावर पांढरे ठिपके मुख्यतः दोन तऱ्हेने उठवतात. खडी प्रिंटमध्ये पांढऱ्या रंगाची पेस्ट वरून बसवतात. ठिपक्यावर नख फिरवा, कडक लागेल; तिथली लवही चिकटलेली असते. डिस्चार्ज प्रिंटमध्ये आधीच रंगवलेल्या कापडावर रंग उडवणारं रसायन छापून वाफ देतात. छापलं तेवढ्या जागेतला रंग जातो, म्हणून ठिपक्यावरूनही बोट मऊच फिरतं. कोटासाठी हेच घ्यावं. कोपरावर घासून घासून खडीला भेगा पडतात.

मग मीटरभर कापड उलगडून ठिपक्यांची आडवी रांग किनारीशी काटकोनात आहे का, ते पाहावं. छापताना आडवा धागा तिरका गेला असेल, तर पुढे धागा सरळ झाला की रांगा कलतात. साध्या कापडात थोडं जमवून घेता येतं. कॉर्डरॉयच्या उभ्या धारा डोळ्यांसमोरच असतात, त्यामुळे धागा सोडून बेतायची सोय नाही. असा ताका घेऊच नये.

खरी फसगत पुढे आहे. ठिपक्यांना खालीवर नसतं, म्हणून कापड वाचवायला एखादी बाही उलटी बेतायचा मोह होतो. पण लवेला दिशा असते. वरून खाली हात फिरवल्यावर लव उभी राहत असेल, तर रंग गडद, भरदार दिसतो. उलट बाजूने तोच रंग फिका वाटतो. उलटी बाही लागली की जाकीट दोन वेगळ्या ताक्यांचं वाटतं.

खाका साधा ठेवावा. मुंढ्यापासून खाली येणारी प्रिन्सेस कटची शिवण ठिपके चिरते आणि माया आत गेल्यावर दोन अर्धुकं जुळून अंड्याचा आकार होतो. समोरच्या दोन्ही भागांवर मध्यरेषा आखून दोन्हीकडे ठिपक्याचा तोच बिंदू तिच्यावर आणावा. बटण लावल्यावर रांग अखंड दिसते. मोठे ठिपके असतील तर छातीच्या उंचवट्यावर नेमके दोन बसले नाहीत ना, हे कापण्याआधी अंगाला लावून बघावं. गिऱ्हाईक बोलत नाही, पण ते जाकीट पुन्हा घालत नाही.

कॉलरला फ्यूजिंग दाबू नये, लव चेपते. आतून मलमल टाचावी. इस्त्रीही उलट्या बाजूने, खाली टॉवेल अंथरून, वाफेवरच.

या सगळ्याला अर्धा मीटर कापड जास्त लागतं. ते आणा म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, शिंपी आपल्यासाठी तुकडा काढतोय. मी उरलेलं सगळं पिशवीत घालून परत देतो. वाद होतो तो शिलाईवरून, कापडावरून नाही.