नीलवंत आणि शिंजीर

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागे पडले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचे अभयारण्य लागते. येथील फुलांवर नीलवंत फुलपाखरू आणि जांभळा शिंजीर हे दोघेही मधासाठी येतात. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर; नीलवंताचे पसरलेले पंख मात्र १२ ते १५ सेंटीमीटर! २०१५ साली नीलवंतास महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला.

तथापि केवळ मधावर दोघांचाही वंश वाढत नाही. नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खातात, तर शिंजिराची पिले कीटकांवर पोसतात. घरच्या लिंबोणीवर विष फवारल्यास दोघांच्याही पिलांचा घास हिरावला जातो. तिची कुरतडलेली चार पाने जमेच्या बाजूस मांडावीत.