मुकें इंजिन

आमच्या पणदऱ्याच्या घरीं माडीवर एक आगगाडी धांवते. तिचे धनी आमचे दादा. बारामती-दौंड मार्गावरची अरुंद रुळांची गाडी त्यांनीं लहानपणीं पाहिली होती. पुढें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं पुण्यास कोथरूडला उघडलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय पाहून आले आणि त्यांना राहवेना. आतां त्यांची दृष्टि अधू झाली आहे. आरामखुर्चींत डोळे मिटून ते गाडी कानांनीं पाहतात.

परवां गाडी मुकी झाली. इंजिन एक हिसका देई आणि थबके. आदल्याच दिवशीं दादांच्या नातवानें, बंडूनें, त्याचें टोपण उघडलें होतें. मला एवढा पुरावा पुरला. “तूंच त्याचा मेंदू जाळलास,” असें मीं सर्वांदेखत सुनावलें. पोर जेवलें नाहीं.

या इंजिनाला खरोखरच मेंदू असतो. त्याला डिकोडर म्हणतात. जुन्या खेळण्यांत रुळांतील विजेचा दाब कमीजास्त केला कीं वेग बदले. येथें सुमारें १५ व्होल्टचा दाब रुळांत सदैव असतो आणि प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारों वेळां पालटून आज्ञा धाडली जाते: ५८ मायक्रोसेकंदांचे ठोके म्हणजे एक, १०० चे म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिन आपल्याच क्रमांकाला ओ देतें. नवें बहुधा ३ ला. मात्र चाकांशीं संबंध क्षणभर तुटला, तरी मेंदूला भोवळ येते.

नव्या डिकोडरची मागणी मी लिहूं लागलों, तोंच दादा म्हणाले, “अरे, वैद्य आधीं नाडी पाहतो. त्याच रुळांवर दुसरें इंजिन चालतें का?”

चाललें. म्हणजे रूळ आणि नियंत्रक निर्दोष.

“मोटारीचीं टोंकें सांगाड्याला लागत नाहींत ना? लागलीं तर डिकोडर जळतो.”

मीटर लावून पाहिलें, लागत नव्हतीं.

“आतां इंजिनाच्या पाठीवर बोट दाब.”

दाबतांच इंजिन पुढें सरकलें! मेंदू शाबूत होता. उलथें करून पाहिलें, तों चाकांवर काळें कीट बसलेलें, आणि चाकाला टेकणारी तांब्याची एक पट्टी किंचित् दूर सरलेली. बंडूनें स्पिरिटच्या बोळ्यानें चाकें पुसलीं, मीं पट्टी हलकेंच वांकवली.

“आजोबा,” तो हळूच म्हणाला, “गाडी चार दिवस अडखळत होती, म्हणून तर मीं टोपण उघडलें.”

मला हें विचारावयाचें सुचलेंच नव्हतें. उपायालाच मीं कारण ठरवलें होतें! इंजिनाची परीक्षा रुळांपासून झाली. मुलाची मात्र मीं थेट निकालापासून केली.

गाडी खडखडत निघाली. दादा डोळे मिटून म्हणाले, “दौंड सुटलें वाटतें!”

त्या रात्रीं बंडूचें पान मीं माझ्या शेजारीं मांडलें.